चिठ्ठी आणलीत का?

पनवेलच्या एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक केसपेपरच्या खिडकीत. ती खिडकी इतकी बुटकी होती, की माझ्याशी बोलायचं तर माणसाला वाकावं लागायचं. जे वाकायचे नाहीत, त्यांचं मला फक्त पोट आणि हात दिसायचे. त्यामुळे कितीतरी लोक मला अजून हातांवरून आठवतात. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी लिहा असं कुणी म्हटल्यावर आधी हसू आलं. ऑपरेशन केलं डॉक्टरांनी, सेवा केली सिस्टरांनी, मी काय केलं? नाव, वय, पत्ता, तक्रार लिहिली. पण त्यातल्या दोनतीन बायका डोक्यातून जात नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत मी बरोबर वागले की चुकीची, हे मला आजही नीट कळलेलं नाही. लिहून कळेल असं वाटलं. बघू.

आमच्या दवाखान्याचा एक नियम होता. कुठल्याही तज्ज्ञ डॉक्टरांकडे थेट जाता येत नसे. आधी जनरल ओपीडीत जायचं, तिथल्या डॉक्टरांनी तपासायचं, आणि त्यांना गरज वाटली तर त्यांनी चिठ्ठी लिहायची. ती चिठ्ठी घेऊन पेशंट पुन्हा माझ्या खिडकीशी यायचा आणि मग मी त्याला पुढचा नंबर द्यायची. बाहेर खाजगीत बायका सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाचं दार ठोठावतात, पण आमच्याकडे येणाऱ्यांना ती फी झेपणारी नव्हती. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. स्त्रीरोगाच्या डॉक्टर कर्णिक बाई फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. सगळ्याच त्यांच्या दारात उभ्या राहिल्या असत्या तर अडलेली बाळंतीण मागे राहिली असती. मला हे पटलेलं होतं. म्हणून "चिठ्ठी आणलीत का?" हे वाक्य मी दिवसातून शंभर वेळा म्हणायची, आणि अभिमानाने म्हणायची. एकदा घरी भाऊबीजेला भाऊ दारात आला तर त्यालाही तोंडातून तेच निघालं. घरात वर्षभर थट्टा चालली होती.

त्या दिवसांत करंज्याची हिराबाई पहिल्यांदा आली. गणपती नुकतेच उठले होते. पन्नाशी ओलांडलेली कोळीण, हाताला सुक्या मासळीचा वास, नाकात मोठी नथनी. करंज्याहून उरण आणि उरणहून एसटीने पनवेल, म्हणजे सकाळची सगळी कामं टाकून आलेली. खिडकीत न वाकताच म्हणाली, "बाई डाक्टरकडं जायाचं हाय."

"काय होतंय?"

"हाय जरा."

"चिठ्ठी आणलीत का?"

"कसली चिठ्ठी?"

मी तिला नियम सांगितला आणि जनरलच्या रांगेत पाठवलं. जनरलला डॉक्टर सबनीस होते. माणूस सज्जन, हात हलका, पण खोली लहान. आतल्या बाकावर पुढचे दोन पेशंट बसवून ठेवायची पद्धत होती, वेळ वाचावा म्हणून. दाराशी कंपाउंडर उभा. हिराबाई आत गेली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, कंबर दुखते. सबनीसांनी कंबर तपासली, गोळ्या दिल्या. ती गेली.

दिवाळीनंतर पुन्हा आली. पुन्हा तेच. बाई डॉक्टर, चिठ्ठी, सबनीस, कंबर, गोळ्या.

तिसऱ्यांदा आली तेव्हा शिमगा जवळ आला होता. मी तिला ओळखलं आणि माझाच पारा चढला. रांग मोठी होती. म्हटलं, "अहो मावशी, दर वेळी बाई डॉक्टर मागता आणि आत जाऊन कंबर सांगता. मग चिठ्ठी कशी मिळणार?"

तेव्हा ती पहिल्यांदा वाकली. तोंड अगदी खिडकीच्या जाळीला लावलं आणि हळूच म्हणाली, "ताई, लुगड्याला डाग पडतंय. पाळी जाऊन चार वर्सं झाली. परत सुरू झाली."

"मग हे डॉक्टरांना सांगायचं ना!"

"तिथं बापये बसलंत."

मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. "डॉक्टरांपुढे लाजून कसं चालेल? जा, रांगेत उभ्या राहा, आणि या वेळी नीट सांगा." मला वाटलं, मी तिला धीर देतेय. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं म्हणजे काय असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी बीए झालेली, इतकी वर्षं दवाखान्यात बसलेली बाई, पण माहीत नव्हतं. ती रांगेपर्यंत गेली. थोडा वेळ उभी राहिली. नंतर पाहिलं तर नव्हती.

पुढच्या महिन्यात तिची लेक तिला हाताला धरून घेऊन आली. लेकीने सबनीसांना सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं आणि दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. तासाभराने कर्णिक बाई स्वतः माझ्या खिडकीच्या मागच्या दाराने आत आल्या. तशा त्या कधी येत नसत.

"शैलाताई, ही हिराबाई पहिल्यांदा कधी आली होती?"

मी रजिस्टर काढलं. पानं उलटत गेले. तीन नोंदी सापडल्या, तिन्ही माझ्या अक्षरात. तक्रारीच्या रकान्यात कंबरदुखी, कंबरदुखी, कंबरदुखी. पहिल्या दोन मी सबनीसांच्या केसपेपरवरून उतरवल्या होत्या, आणि तिसरी, तिने डाग सांगूनही, सवयीने तशीच लिहिली होती. बाई त्या नोंदींकडे पाहत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सहा महिने गेले."

गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. तिला मुंबईला पाठवलं. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले. मधे एकदा ती मला भेटायला आली, सुके बोंबील कागदात बांधून. मला घेववेना. ती म्हणाली, "घ्या वो, कडक वाळवल्यात." घेतले. दुसऱ्या वर्षी लेक एकटीच आली. तिला जुन्या केसपेपरच्या नकला हव्या होत्या, आईचे कागद कुठेतरी द्यायचे होते म्हणाली. आई गेल्याचं तिने त्या वाक्यातच सांगितलं. नकला मीच काढल्या.

मी कर्णिक बाईंना विचारलं होतं, यात माझं किती चुकलं? त्या म्हणाल्या, "तुमचं एकटीचं नाही." मग किती? अर्धं? पाव? सबनीस म्हणायचे, "तिने कंबर सांगितली, मी कंबर पाहिली." तेही खोटं नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी आतला बाक काढून व्हरांड्यात ठेवला, कुणी न सांगता.

कर्णिक बाईंनी ट्रस्टच्या मीटिंगमध्ये तो विषय लावून धरला. स्त्रीरोग विभागापुरती तरी चिठ्ठी बंद करा, बाईला सरळ माझ्याकडे येऊ द्या. मला रजिस्टर घेऊन बोलावलं. मी त्या तीन नोंदी उभ्याने वाचून दाखवल्या. एका वयस्कर विश्वस्तांनी विचारलं, "यात नियम चुकला, की बाई खरं बोलली नाही?"  तोच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते.

नियम गेला. दारात पाटी लागली: स्त्रीरोग विभागात महिलांनी थेट यावे, चिठ्ठीची गरज नाही. आणि बाईंनी मला खिडकीतून उचलून त्यांच्या विभागाच्या दाराशी टेबल देऊन बसवलं. का, ते सांगितलं नाही. शिक्षा असेल किंवा विश्वास असेल. मी विचारलंही नाही. त्यांनी मला एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले होते. पाळी गेल्यावर रक्त जातंय का, गरोदर असून पोटात दुखतंय का, असे. एकालाही हो आलं तर रांग मोडून आत पाठवायचं. जोडीला नसीम सिस्टर होत्या, पनवेलच्याच, मोहल्ल्यातल्या. आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं.

आता सगळं सोपं होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या मंगळवारी रांग पार गेटपर्यंत. गुडघेदुखीवाल्या आल्या, पित्तवाल्या आल्या, सुनेला दिवस का जात नाहीत हे सुनेला न आणता विचारायला एक आली. एक गृहस्थ बायकोचे रिपोर्ट घेऊन उभे राहिले आणि विचारू लागले, पुरुषांनी थेट आलं तर चालतं का? रोडपालीच्या एक आजी दर मंगळवारी यायच्या. पाचही प्रश्नांना नाही म्हणायच्या. मी म्हटलं, "आजी, मग येता कशाला?" तर म्हणाल्या, "बाई विचारतात ना, कसं आहे म्हणून." आणि कितीतरी बायका पाटीखालून जाऊन सवयीने आधी जनरलच्या रांगेतच उभ्या राहायच्या, चिठ्ठी घेऊन यायच्या आणि मी ती परत केली की घाबरायच्या. खरोखर आजारी कोण आणि नुसती आलेली कोण, हे मला दुपारपर्यंत कळेनासं व्हायचं. कधी वाटायचं, जुना नियमच बरा होता का? मग हिराबाईची तिसरी नोंद आठवायची आणि असं वाटल्याची लाज वाटायची.

अशातच एका शुक्रवारी प्रणाली आली. हे नाव मी बदललेलं आहे, गावाचंही लिहीत नाही. विमानतळाच्या बाजूच्या एका गावातली, मोठ्या बंगल्यातली सून. जमिनी गेल्या, पैसे आले, अशातलं घर. वय सत्तावीस असेल. शिकलेली, स्कूटरवरून आलेली, पण चेहरा कागदासारखा पांढरा.

"मला गायनॅकना दाखवायचंय. त्याची चिठ्ठी कुठे मिळते?"

"चिठ्ठी लागत नाही आता. बसा, नाव सांगा."

"नाही, मला चिठ्ठी हवीये."

मी जरा मोठ्याने म्हणाले, "अहो, पाटी वाचली नाहीत का? गरज नाही."

"तुम्हाला गरज नाही. मला आहे." ती टेबलाजवळ सरकून बोलू लागली. "मिस्टर जहाजावर असतात. सात महिने झाले. मी बायकांच्या डॉक्टरकडे गेले असं घरी कळलं तर पहिला प्रश्न काय येईल? नवरा इथे नाही, मग हिला तिथे काय काम? मागे माझ्या जावेला तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. तेव्हा घरात कुणी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी पाठवलं म्हटल्यावर काय बोलणार?"

 मी म्हणाले, "पण आता ती पद्धतच बंद झालीये." ती "ठीक आहे" म्हणाली आणि उठून चालू लागली.

तिची पाठ दिसली आणि हिराबाई आठवली. एकीला चिठ्ठी नव्हती म्हणून मी परत पाठवलं होतं. आता दुसरीला चिठ्ठी हवी होती म्हणून परत पाठवत होते. दोन्ही वेळा नियमाप्रमाणे. मी टेबल सोडून धावले. गेटाशी ती स्कूटर काढत होती. मला नीट बोलताही येईना, दम लागला होता. म्हटलं, "थांबा. काहीतरी करते. काय करते ते मला माहीत नाही, पण थांबा."

तिला बाकावर बसवून आत जाऊन कर्णिक बाईंना सांगितलं. त्या उसळल्या. "मी ही चिठ्ठी बंद करण्यासाठी एवढी भांडले आणि तुम्ही मला परत चिठ्ठी लिहायला सांगता?"

"मी सांगत नाही, ती मागतेय."

"मग तिला समजवा. तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही."

नसीम सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम, दवाखान्यात नाही गरज. घर दवाखान्यात थोडंच आहे?"

 शेवटी मी प्रणालीला सबनीसांकडे घेऊन गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तपासल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. पण तपासायला माझी ना नाही." त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. चढण चढताना धाप लागते का, विचारलं. रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सहाच्या आत होतं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली: रक्त फार कमी, कारण शोधण्यासाठी स्त्रीरोग विभागाकडे. एकही शब्द खोटा नव्हता. ती चिठ्ठी घेऊन प्रणाली माझ्या टेबलाशी आली, आणि गरज नसलेली ती चिठ्ठी मी रीतसर नोंदवून तिला घरी न्यायला परत दिली. गर्भाशयात गाठ होती, साधी. दर महिन्याला आठ आठ दिवस अंगावरून खूप रक्त जात होतं आणि ती उशीत तोंड खुपसून सोसत होती. औषधं, रक्ताची बाटली आणि पुढे ऑपरेशन ठरलं.

पुढच्याच मंगळवारी तिची सासू माझ्यापुढे उभी राहिली. मंदाबाई म्हणू या. उंच, धिप्पाड, गळ्यात जाड सोनं, हातात तीच चिठ्ठी.

"आमचे सुनेला इकडं कोनी पाठवली?"

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "डॉक्टरांनी. हे काय, लिहिलंय."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग खुर्ची ओढून बसली. बसताना तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला आणि ती एका कुशीवर कलली.  आता भांडण होणार म्हणून नसीम सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मंदाबाईने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"माझे नावची पन अशी एक भेटंल का?"

मला आधी कळलंच नाही. "काय होतंय तुम्हाला?"

"अंग भायेर येतंय. धाकट्याचे येळेपासून." अंग म्हणजे पिशवी, गर्भाशय; धाकटा म्हणजे तो जहाजावरचा, तिशीचा. "मिठागरात होतो तवा. सव्वा महिना झाला नाय तं पाट्या उचलाया गेले. तवापासून. फडका बांधून फिरतंय."

तीस वर्षं. मी त्या पाच प्रश्नांचा कागद हातात धरून बसले होते आणि त्यात हा प्रश्नच नव्हता. सुनेला कुणी पाठवलं म्हणून विचारायला आलेली ही बाई खरोखर तेवढंच विचारायला आली होती, की चिठ्ठी कशी मिळते हे पाहायला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही ठाम सांगता येणार नाही.

म्हटलं, "मावशी, चिठ्ठी नको. सरळ आत चला."

"आनि घरी काय सांगू? या वयात बाईचे डाक्टरकडं कशाला गेली म्हनतील. मालक हसतील."

दार उघडं होतं. कर्णिक बाईंनी आतून ऐकलं असावं. त्या बाहेर आल्या, माझ्या टेबलावरचं पॅड ओढून उभ्या उभ्या लिहिलं: यांना तपासणीसाठी मी बोलावले आहे. खाली सही केली. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"बघताय काय शैलाताई? शिक्का मारा."

मी शिक्का मारला. मंदाबाईने कागद चार घड्या घालून पोलक्यात ठेवला आणि मग आत गेली.

दोघींची ऑपरेशनं पावसाळ्याआधी झाली, पंधरा दिवसांच्या अंतराने. आधी सुनेचं, मग सासूचं. मंदाबाईच्या उशाशी प्रणालीच बसायची. त्या दोघी एकमेकींशी काय बोलायच्या कुणास ठाऊक. मी गेले की गप्प व्हायच्या. एकदा मात्र मंदाबाई मला म्हणाली, "मना वाटायचं सगल्याच बायांचा असाच असतंय." प्रणाली खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर आमच्याकडे एक विचित्र पद्धत सुरू झाली. आत जायला चिठ्ठी लागत नसे, पण घरी न्यायला कुणी मागितली तर मिळायची. छापील नव्हे, बाईंच्या हातची, माझ्या शिक्क्याची. ट्रस्टच्या कुठल्याही ठरावात ती नव्हती. कर्णिक बाई लिहिताना दर वेळी चिडायच्या. "आपण काय करतोय हे? बायकांना सोडवतोय की नवं निमित्त पुरवतोय?" मी म्हणायची, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. एखादीला ते पॅड पुढे करताना वाटायचं, हिला मी आधार देतेय. आणि लगेच वाटायचं, जी बाई न विचारता, ताठ मानेने आत जाऊन बाहेर आली, तिच्या पायाखालचीच माती मी काढून घेतेय; उद्या तिलाही घरी विचारतील, तुझी चिठ्ठी कुठे?

माझ्या निवृत्तीला आठवडा उरला असताना मंदाबाई पुन्हा आली. बंगल्याची मोठी गाडी गेटाशी उभी होती आणि त्यातून गावातल्या आणखी तीन बायका उतरल्या, डोक्यावरचा पदर सावरत. तिघीही तिच्याच वयाच्या. टेबलाशी आल्यावर पहिलीने काहीही न सांगता माझ्यापुढे हात पसरला.

"मना पन लिवून द्या."

मी शिक्का हातात घेतला आणि तशीच थांबले. आधी आत जा म्हणावं, की आधी कागद द्यावा? बाईंनी अजून हिला पाहिलेलंही नाही, तर बोलावलं आहे असं लिहायचं कसं? न लिहावं तर ही गाडीत परत जाऊन बसेल का? ज्या खिडकीच्या आणि टेबलाच्या अलीकडे सव्वीस वर्षं काढली, तिथला एवढा साधा निर्णय मला घेता येईना.

मंदाबाईने माझ्या हाताकडे पाहिलं, मग त्या तिघींकडे.

"ताई, इचार कसला करताव?" ती म्हणाली. "इथवर पोचल्या ना त्या!"